संकेतस्थळ एक, भाषा अनेक

कल्याणहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलगाडीत प्रत्येक स्थानकापूर्वी एक लहानशी घोषणा ऐकू येते : ‘पुढील स्टेशन ठाणे.’ पाठोपाठ तीच सूचना हिंदीत आणि नंतर इंग्रजीत दिली जाते. गाडी एकच, स्थानक एकच. परंतु सूचना तीन भाषांत. बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर १६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली प्रवासी आगगाडी धावली आणि पुढील वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. त्यानंतरच्या काळात या लोहमार्गालगत देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेली माणसे स्थायिक होत गेली. मूळच्या आगरी, कोळी, वारली बोलींच्या आणि मराठीच्या या प्रदेशात हिंदी, गुजराती व दक्षिणेकडील भाषा बोलणारी कुटुंबे राहू लागली. शेजारच्या उल्हासनगरात फाळणीनंतर सिंधी समाज वसला, तर भिवंडीच्या यंत्रमागांनी उर्दू व तेलुगू भाषक कारागिरांना आश्रय दिला.

२०११ च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांहून अधिक आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांहून अधिक होती. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महानगरपालिका आणि त्यानंतर बरोबर एक वर्षाने कल्याण-डोंबिवली महानगरपालिका अस्तित्वात आली. कल्याण-डोंबिवली महापालिकेचे नाव नागरी सेवांच्या संगणकीकरणात राज्यातील आरंभीच्या महापालिकांमध्ये घेतले जाते. जन्म-मृत्यूचे दाखले, मालमत्ता कर, पाणीपट्टी, तक्रारींची नोंद यांसारख्या ज्या कामांसाठी पूर्वी खिडकीसमोर रांगेत उभे राहावे लागे, त्यांतील बरीच कामे आज संकेतस्थळावरून होतात.

खिडकीपलीकडे बसलेला कर्मचारी समोरच्या माणसाची अडचण ओळखून दोन शब्द त्याच्या भाषेत समजावून सांगू शकत असे. संकेतस्थळ तसे करू शकत नाही. त्यात जी भाषा घातली असेल तीच ते बोलते. आणि येथे प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. महानगरपालिका क्षेत्रात मालमत्ता कराचे देयक मुदतीत न भरल्यास थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती आकारली जाते. करआकारणीत बदल झाल्यास ठराविक मुदतीतच हरकत घेता येते. ज्याला सूचना वाचता आली नाही, त्याची मुदत मात्र थांबत नाही. म्हणूनच संकेतस्थळाला अनेक भाषा बोलावयास लावण्याचे शास्त्र केवळ संगणकतज्ज्ञांपुरते न राहता अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

मराठी पाया, अन्य भाषा जोड

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी ही राज्याच्या कारभाराची भाषा ठरली. महानगरपालिका, नगरपरिषदा, जिल्हा परिषदा व ग्रामपंचायती यांच्या कामकाजातही मराठीचा वापर अनिवार्य करणारा स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेचा अधिनियम राज्य विधिमंडळाने २०२२ मध्ये संमत केला. यापुढे मराठी ही स्थानिक संस्थेच्या संकेतस्थळावरील एक ऐच्छिक सोय राहू शकत नाही. ती त्या संस्थेच्या कारभाराची भाषा आहे.

याचा अर्थ अन्य भाषांना मज्जाव आहे असा नाही. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवरील फलकावर मराठीसोबत उर्दूतही नाव होते. त्याविरुद्धचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले असता, मराठीच्या जोडीला दुसऱ्या भाषेचा वापर करण्यास २०२२ चा अधिनियम मनाई करीत नाही, असा निर्णय एप्रिल २०२५ मध्ये देण्यात आला. फलकासाठी सांगितलेले हे सूत्र संकेतस्थळाच्या रचनेलाही मार्गदर्शक ठरावे : मराठी हा पाया आणि नागरिकांच्या गरजेनुसार अन्य भाषांची जोड.

प्रत्यक्षात अनेकदा क्रम उलटा होतो. संगणकाची आज्ञावली इंग्रजी मजकूर गृहीत धरून लिहिली जाते आणि सर्व काम संपत आल्यावर ‘आता मराठी टाका’ असे सांगितले जाते. मराठीतील विभक्ती, लिंग, अक्षरांचा क्रम आणि जोडाक्षरे यांना त्या चौकटीत जागाच ठेवलेली नसते. मग मराठी पान इंग्रजी पानाची ओढूनताणून केलेली नक्कल होते. असे होऊ नये यासाठी रचनेची काही सूत्रे आरंभापासून पाळावी लागतात.

मजकूर वेगळा, आज्ञावली वेगळी

संकेतस्थळाचे मुख्य काम नागरिकाच्या भ्रमणध्वनीवर नव्हे, तर दूर ठेवलेल्या सर्व्हर नावाच्या संगणकावर चालते. नागरिकाने बटन दाबले की सर्व्हरला मागणी जाते, सर्व्हर नोंदवहीतून माहिती काढतो, पान तयार करतो आणि परत पाठवितो. हे पान कोणत्या भाषेत तयार करावयाचे हे सर्व्हरलाच ठरवावे लागते.

पहिले सूत्र असे की, नागरिकाला दिसणारे एकही वाक्य आज्ञावलीच्या आत लिहू नये. प्रत्येक वाक्याला एक खूणनाव द्यावे आणि वाक्ये स्वतंत्र मजकूरसूचीत ठेवावीत. ‘कर भरण्याची अंतिम तारीख’ या वाक्याचे खूणनाव सर्व भाषांसाठी एकच; मराठीच्या सूचीत त्यापुढे मराठी वाक्य, हिंदीच्या सूचीत हिंदी वाक्य. आज्ञावली केवळ खूणनाव उच्चारते आणि सर्व्हर योग्य सूचीतून वाक्य उचलतो. नाटक कंपनीत पात्रांची जागा व हालचाल ठरलेली असते आणि संहिता मात्र वेगळ्या वहीत असते, तसाच हा प्रकार होय. गेट-टेक्स्ट नावाची पद्धत १९९० च्या दशकापासून जगभर याच तत्त्वावर वापरली जात आहे.

या विभागणीचा मोठा लाभ असा की, भाषेचे काम भाषा जाणणाऱ्याच्या हाती येते. मजकूरसूची शिक्षक तपासू शकतो, वरिष्ठ लिपिक दुरुस्त करू शकतो. त्यासाठी आज्ञावलीला हात लावावा लागत नाही. नवी भाषा घालणे म्हणजे नवी प्रणाली उभारणे नव्हे, तर एक नवी सूची भरणे एवढेच राहते.

सूचीत एखादे वाक्य राहून गेले तर काय करावे, हेही आधी ठरविले पाहिजे. जागा रिकामी राहणे किंवा खूणनावच पडद्यावर उमटणे हे दोन्ही वाईट. हिंदी वाक्य नसेल तर मराठी दाखवावे आणि उणिवेची नोंद आपोआप व्हावी. त्याचप्रमाणे मराठी वाक्य बदलले की त्याच्या अन्य भाषांतील अनुवादांवर ‘जुना’ अशी खूण पडली पाहिजे. अन्यथा मराठी पानावर नवी मुदत आणि हिंदी पानावर जुनी, असा घोटाळा होऊन निष्पाप नागरिक शास्तीस पात्र ठरेल.

वाक्याचे तुकडे जोडता येत नाहीत

दुसरे सूत्र मराठीच्या स्वभावाशी निगडित आहे. इंग्रजीत ‘प्राप्त झाले’ या अर्थाचे एकच शब्दरूप अर्जालाही चालते, तक्रारीलाही आणि प्रमाणपत्रालाही. त्यामुळे आज्ञावली लिहिणारा वाक्याचे दोन तुकडे करतो : एका तुकड्यात वस्तूचे नाव, दुसऱ्यात ठरलेले शब्द. मराठीत मात्र ‘आपला अर्ज प्राप्त झाला’, ‘आपली तक्रार प्राप्त झाली’ आणि ‘आपले प्रमाणपत्र तयार झाले’. वस्तूचे लिंग बदलताच आरंभीचे सर्वनाम आणि शेवटचे क्रियापद दोन्ही बदलतात. तुकडे जोडून वाक्य केले की ‘आपला तक्रार प्राप्त झाला’ असे बोबडे मराठी शासकीय पानावर अवतरते.

वचनाचेही तसेच. ‘१ हरकत प्रलंबित आहे’, परंतु ‘५ हरकती प्रलंबित आहेत’. उलट ‘१ अर्ज’ आणि ‘५ अर्ज’ यांत नामाचे रूप बदलत नाही, क्रियापद मात्र बदलते. म्हणून एकवचनासाठी एक आणि अनेकवचनासाठी एक अशी दोन पूर्ण वाक्ये सूचीत ठेवावी लागतात.

गावांच्या नावांत ही अडचण अधिक ठळक होते. नावाला ‘त’ जोडला की काम भागते असे समजून आज्ञावली लिहिली, तर ‘डोंबिवलीत’ बरोबर येईल. परंतु ‘ठाणेत’, ‘कळवात’, ‘टिटवाळात’ अशी रूपे उमटतील. मराठी माणूस ‘ठाण्यात’, ‘कळव्यात’, ‘टिटवाळ्यात’ असे म्हणतो. नामाचे सामान्यरूप करण्याचा नियम संगणकाला शिकविता येतो. पण अपवाद इतके की ते काम सोपे नाही.

यावरील उपाय लोकलगाडीतील घोषणेतच दडलेला आहे. ‘पुढील स्टेशन ठाणे’ या वाक्यात ठाण्याचे नाव शेवटी येते आणि त्याला कोणताही प्रत्यय लागत नाही. त्या जागी कळवा, दिवा वा डोंबिवली घातले तरी वाक्य बिघडत नाही, आणि हिंदी व इंग्रजीतही तीच रचना चालते. ‘गाडी आता ठाण्याला पोहोचत आहे’ असे वाक्य योजले असते तर प्रत्येक स्थानकासाठी ते वेगळे बोलावे लागले असते. संकेतस्थळावरही ‘आपण टिटवाळ्यात राहता’ याऐवजी ‘ठिकाण : टिटवाळा’ अशी रचना करावी. जेथे पूर्ण वाक्य आवश्यक आहे, तेथे अर्ज, तक्रार, प्रमाणपत्र यांसाठी निरनिराळी पूर्ण वाक्ये लिहावीत. सूचीची लांबी वाढेल. पण मराठी शुद्ध राहील.

नागरिकाने करावयाच्या प्रतिज्ञापनाचाही येथे विचार झाला पाहिजे. ‘मी असे जाहीर करतो की’ एवढेच वाक्य ठेवल्यास अर्जदार स्त्रीला पुरुषाच्या तोंडचे वाक्य मान्य करावे लागते. इंग्रजीत हा भेद नसल्याने तो आज्ञावली लिहिणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. ‘करतो/करते’ अशी दोन्ही रूपे द्यावीत, किंवा ‘याद्वारे जाहीर करण्यात येते की’ अशी रचना योजावी.

भाषेची निवड कोणी करावी ?

भ्रमणध्वनी किंवा संगणकावरील ब्राउझर सर्व्हरकडे मागणी पाठविताना वापरणाऱ्याच्या पसंतीच्या भाषांची यादीही पाठवितो. या यादीवरून भाषेचा पहिला अंदाज बांधता येतो. तथापि, पुष्कळ उपकरणे इंग्रजी मांडणीसह विकत मिळतात आणि ती मांडणी कोणी बदलत नाही. त्यामुळे यादीत इंग्रजी आहे म्हणून त्या व्यक्तीला इंग्रजी हवे आहे, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. स्थानिक संस्थेच्या संकेतस्थळाने मराठीपासून आरंभ करावा आणि भाषा बदलण्याची सोय प्रत्येक पानाच्या शिरोभागी ठळक ठेवावी.

त्या ठिकाणी प्रत्येक भाषेचे नाव त्या भाषेच्याच लिपीत असावे. ज्याला केवळ उर्दू वाचता येते, त्याला मराठीत लिहिलेला ‘उर्दू’ हा शब्द कसा सापडणार? भाषेसाठी राष्ट्रध्वजाचे चित्र वापरण्याची पद्धतही टाळावी. भाषा आणि राष्ट्र यांच्या सीमा एक नसतात. उर्दू आणि अरबी लिपीतील सिंधी उजवीकडून डावीकडे लिहिली जात असल्याने त्या भाषांच्या पानांची मांडणीही उलट दिशेने करावी लागते. ही तरतूद आरंभीच ठेवल्यास पुढे खर्च वाचतो.

नागरिकाने एकदा केलेली निवड लक्षात ठेवणे हे सर्व्हरचे कर्तव्य आहे. ती केवळ ब्राउझरमध्ये साठवून पुरत नाही. कराची आठवण करून देणारे संदेश अनेकदा रात्री, कोणीही संकेतस्थळ उघडलेले नसताना, एकगठ्ठा निघतात. त्या वेळी सर्व्हरसमोर ब्राउझर नसतो आणि त्याची यादीही नसते. म्हणून पसंतीची भाषा मालमत्ता क्रमांकासोबत किंवा नागरिकाच्या खात्यासोबत नोंदविली पाहिजे. ज्या संदेशावर मुदत अवलंबून असते, तोच नेमका चुकीच्या भाषेत जाण्याचा धोका येथे असतो.

आणखी एक दक्षता. वारंवार मागितली जाणारी पाने सर्व्हर तयार करून ठेवतो व पुढच्याला तीच देतो. या साठ्यात भाषेची खूण नसेल तर एकाने मागितलेले हिंदी पान दुसऱ्या मराठी वाचकाच्या हाती पडते. प्रत्येक भाषेच्या पानाला स्वतंत्र पत्ता दिल्यास हा घोटाळा टळतो आणि मराठी पानाचा दुवा दुसऱ्याला पाठविता येतो.

अक्षरांचा साठा

संगणकावर मराठी लिहिण्याची सोय दीर्घ प्रयत्नांनी झाली आहे. भारतीय लिप्यांसाठीच्या जिस्ट तंत्राचा आरंभ कानपूरच्या आयआयटीत झाला आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेत ते काम पुढे वाढले. भारतीय लिप्यांची प्रमाण संकेतावली इस्की या नावाने १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक झाली. जगातील सर्व लिप्यांना एकाच सूचीत स्थान देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली आणि त्यात देवनागरीला १२८ जागांचा एक स्वतंत्र गट मिळाला.

तरीही बराच काळ कार्यालयांतून निरनिराळ्या टंकांची, म्हणजे फाँटची, मराठी वापरात होती. अशा पद्धतीत संगणकाच्या पोटात रोमन अक्षरे साठविली जात आणि विशिष्ट फाँट त्यांना मराठी रूप देई. तो फाँट नसलेल्या संगणकावर सारा मजकूर निरर्थक चिन्हांचा ढीग दिसे, आणि त्यात नाव शोधणे अशक्य होई. असे जुने दप्तर नव्या प्रणालीत आणताना प्रथम त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करून माणसाच्या डोळ्यांखालून घालणे अपरिहार्य आहे.

युनिकोडची अक्षरे साठविण्याची सर्वाधिक रूढ रीत यूटीएफ-८ ही होय. या रीतीत एका रोमन अक्षराला १ बाइट जागा लागते, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट. ‘डोंबिवली’ या शब्दात काना-मात्रा, अनुस्वार व वेलांट्या धरून ८ चिन्हे आहेत. त्यांना २४ बाइट लागतात. हेच नाव रोमन लिपीत ८ बाइटमध्ये मावते. नोंदवहीत नावासाठी २० बाइटची जागा ठेवली, तर रोमन नाव आरामात बसेल आणि मराठी नाव मध्येच तुटेल. भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशातही हाच फरक दिसतो : रोमन लिपीतील एका संदेशात १६० अक्षरे मावतात, देवनागरीत केवळ ७० चिन्हे. इंग्रजीत एका संदेशात बसणारी सूचना मराठीत दोन-तीन तुकड्यांत जाते व खर्च वाढतो. याचा अर्थ मराठी संदेश पाठवू नये असा नव्हे. तो मुळातच आटोपशीर लिहावा आणि खर्चाची तरतूद आधी करावी.

ऱ्हस्व वेलांटीची गोष्टही ध्यानात घ्यावी. ती कागदावर अक्षराच्या आधी दिसते, परंतु साठविताना अक्षराच्या नंतर येते. दाखला छापण्याच्या सोयीत हा नियम नसेल तर वेलांटी चुकीच्या जागी पडते, जोडाक्षरे फुटतात आणि पडद्यावर शुद्ध दिसलेले नाव छापील दाखल्यावर अशुद्ध होते. म्हणून तपासणी पडद्यावरच न थांबविता छापील प्रतीचीही करावी.

आकड्यांबाबत संख्या एकदाच साठवावी आणि दाखविताना भाषेनुसार रूप द्यावे. एक लाख हा आकडा १,००,००० असा, म्हणजे लाख-कोटींच्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन दाखविला पाहिजे. नागरिकाने पिनकोड ‘४२१२०१’ असा देवनागरी अंकांत भरला तर सर्व्हरने तो नाकारू नये. मराठी अर्जात मराठी अंक लिहिणे ही चूक ठरू शकत नाही.

माणसांची आणि गावांची नावे

मजकूरसूचीतील वाक्यांचा अनुवाद होतो. माणसाच्या नावाचा होत नाही, त्याचे केवळ लिप्यंतर होते. येथे फार जपावे लागते. रोमन लिपीत ण आणि न, ळ आणि ल, ट आणि त यांतील भेद पुसले जातात. रोमनमध्ये लिहिलेल्या एकाच आडनावावरून मराठीत ‘काळे’ होईल की ‘काले’, हे संगणक खात्रीने सांगू शकत नाही.

कल्याण-डोंबिवली महापालिकेत २०१५ मध्ये २७ गावांचा पुन्हा समावेश झाला. अशा वेळी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या आकारणी नोंदवहीतील मराठी नावे महापालिकेच्या प्रणालीत घ्यावी लागतात. ती आधी रोमन लिपीत भरून मग यंत्राने पुन्हा मराठीत आणली, तर पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राहिलेले नाव बिघडून येते. आणि नावात एका अक्षराचा फरक पडला की वारसनोंदीपासून कर्जापर्यंत अडचणी उभ्या राहतात. मूळ मराठी नोंद हीच प्रमाण मानून ती थेट देवनागरीत भरावी आणि रोमन रूप स्वतंत्र रकान्यात ठेवावे.

दिसायला एकच असलेले अक्षर दोन रीतींनी साठविले जाऊ शकते, हीही एक पुष्कळांना ठाऊक नसलेली गोष्ट आहे. ‘कऱ्हाडे’ किंवा ‘बोऱ्हाडे’ या आडनावांतील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो. ‘ॲड.’मधील पहिले अक्षर युनिकोडमध्ये २००८ पासून स्वतंत्र आहे. त्याआधी ते दोन चिन्हे जोडून लिहीत. एका कर्मचाऱ्याने एका रीतीने भरलेले नाव दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने शोधले, तर ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर येते आणि नागरिकाला हेलपाटा पडतो. साठविण्यापूर्वी आणि शोधण्यापूर्वी दोन्ही रूपे एकसारखी करण्याचे काम सर्व्हरकडे सोपवावे.

वर्णक्रमही तपासावा. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो आणि क्ष व ज्ञ त्याच्याही नंतर. युनिकोडच्या सूचीत मात्र ळ हा ल च्या जवळ आहे आणि क्ष हे जोडाक्षर क मध्ये जाते. केवळ संकेतक्रमांकाने याद्या लावल्या तर ‘क्षीरसागर’ हे आडनाव यादीच्या शेवटी न सापडता क च्या नावांत जाऊन बसते. मराठीचा स्वतःचा वर्णक्रम वापरण्याची सोय आज उपलब्ध आहे. ती निवडली आहे की नाही, हे पाहावे लागते.

शब्दांची निवड

राज्यस्थापनेच्या वर्षीच, १९६० मध्ये, भाषा संचालनालयाची स्थापना झाली आणि पदनाम कोश, शासनव्यवहार कोश यांसारख्या कोशांनी शासनाला मराठी शब्द पुरविले. त्याहीपूर्वी शिवकालात राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला होता. कारभाराला शब्द पुरविण्याची ही परंपरा संकेतस्थळापाशी खंडित होऊ नये.

यंत्राने केलेला अनुवाद आज झटपट मिळतो, परंतु संदर्भ न कळल्याने तो फसतो. इंग्रजीतील ‘बिल’ म्हणजे कर विभागात देयक आणि विधिमंडळात विधेयक. ‘वॉर्ड’ निवडणुकीत प्रभाग असतो आणि रुग्णालयात कक्ष. माहिती ‘सेव्ह’ करण्याच्या बटनावर ‘वाचवा’ असे लिहिले, तर नागरिक बुचकळ्यात पडेल; तेथे ‘जतन करा’ हवे. म्हणून मजकूरसूचीत प्रत्येक वाक्याशेजारी ते कोठे वापरले जाणार आहे याची टीप असावी.

दुसऱ्या बाजूस, कोशातील प्रत्येक शब्द नागरिकाच्या तोंडी असतोच असे नाही. कायद्यात मालमत्ता कर असला तरी घरोघरी त्याला ‘घरपट्टी’ म्हणतात. कायद्याचा शब्द बदलता येत नाही. परंतु शोधण्याच्या जागी ‘घरपट्टी’ लिहिले असता मालमत्ता कराचे पान उघडले पाहिजे. ‘शास्ती’ या शब्दाशेजारी ‘उशिरा भरल्याबद्दलची जादा रक्कम’ असे चार शब्द लिहिल्याने कायद्याला बाध येत नाही आणि नागरिकाचे हित साधते.

सर्वांचा वाटा

या कामात अधिकाऱ्यांचा वाटा मोठा आहे. प्रणाली बनवून घेण्याच्या करारातच मराठी पाया, स्वतंत्र मजकूरसूची, युनिकोड, मराठी वर्णक्रम आणि छापील दाखल्यांची तपासणी या अटी नोंदवाव्यात. काम स्वीकारण्यापूर्वी एक साधी परीक्षा घेता येते. सर्व मजकूरसूचीत प्रत्येक वाक्याभोवती एखादी खूण, उदाहरणार्थ तारा, घालून पाने उघडावीत. ज्या वाक्याभोवती तारा दिसणार नाही, ते वाक्य आज्ञावलीतच अडकलेले आहे असे समजावे आणि ते बाहेर काढून घ्यावे.

शिक्षकांनी मजकूरसूचीची भाषा तपासण्यास साहाय्य करावे. लिंग-वचनाच्या आणि शुद्धलेखनाच्या चुका त्यांच्या नजरेतून सुटत नाहीत. पंचायत सदस्यांनी व नगरसेवकांनी आपल्या भागात कोणत्या भाषा वाचल्या जातात आणि सूचना कोणाला कळत नाहीत, हे प्रशासनाच्या नजरेस आणून द्यावे. ज्यांना वाचता येत नाही, अशांसाठी नागरी सुविधा केंद्रातील माणूस आवश्यकच राहील, हेही विसरून चालणार नाही. संकेतस्थळ त्याचे ओझे हलके करील. त्याची जागा घेणार नाही.

लोकलगाडीतील घोषणा प्रवाशाला त्याच्या शिक्षणाबद्दल वा मूळ गावाबद्दल काही विचारीत नाही. उतरण्याचे स्थानक जवळ आले आहे, एवढे ती त्याला समजेल अशा रीतीने आणि वेळेवर सांगते. महानगरपालिकेच्या वा ग्रामपंचायतीच्या संकेतस्थळाकडून नागरिकाची अपेक्षा याहून वेगळी नाही. कराची मुदत, हरकतीचा हक्क आणि दाखल्यावरील आपले नाव त्याला आपल्या भाषेत, शुद्ध आणि वेळेवर वाचता आले, तर संगणकीकरणावर झालेला खर्च सत्कारणी लागला असे म्हणता येईल.